बांधावरून

"बाई, चावत नाही ती. सरळ या!"

पायऱ्यांवर चहाचा ग्लास घेऊन बसलेल्या बाइंडरने हे म्हटलं तेव्हा मी ग्रंथालयाच्या हिरवळीला वळसा घालत होते. फाटक आणि मोठं दार यांच्या मध्ये हिरवळीचा एक चौकोन आहे. तो तुडवू नये अशी पाटी आहे, आणि पाटीच्या अगदी शेजारून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, लोकांच्या पायांनी पडलेली तपकिरी वाट आहे. वाचक त्या वाटेने येतात, कारकून येतात, पाटी ज्यांनी लावली ते ग्रंथपालही येतात. मी कडेच्या फरशीवरून येते. बावीस वर्षं येते आहे. याबद्दल मला आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं, किंवा म्हटलं असेल तर माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्या दिवशी पोचलं. "येते की," मी म्हटलं आणि पाऊल उचललं. ते टेकेना. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं काहीतरी झालं; फक्त इथे पाय अजून वरच होता. समोर नुसतं गवत होतं. बोटभर उंचीचं, यंत्राने कापलेलं, कुणाच्याही पोटात न जाणारं. मी पाय मागे घेतला आणि दोन्ही बाजू पुऱ्या करून दाराशी गेले. "राहू द्या," बाइंडर म्हणाला, "तुमचं तिकीटच लांबच्या गाडीचं आहे." मी हसले. तळमजल्यावरच्या माझ्या खोलीत गेले, खुर्चीवर बसले आणि तळपाय जमिनीवरून जरासे उचलून धरून बघत राहिले. बावीस वर्षं त्यांना मी चालवते आहे असं मला वाटत होतं.

तो मंगळवार होता. माझ्या वडिलांना, अण्णांना, जाऊन एकोणीस दिवस झाले होते, आणि हवालदारकाका येऊन गेल्याला दोन.

हवालदारकाका म्हणजे लढाईच्या वेळी अण्णा ज्या तुकडीत होते तिचे हवालदार. एरवी वर्षातून एकदा यायचे. दोघे खिडकीपाशी समोरासमोर बसायचे आणि बोलायचे म्हणून नाहीत. एकाने गुडघ्याचं सांगितलं तर दुसऱ्याने तास गेल्यावर डोळ्यांचं सांगायचं. आई असताना म्हणायची, "दोन मुके भेटले की चहा मात्र दुप्पट लागतो." या रविवारी ते आले ते चपला काढता काढताच म्हणाले, "तुझ्याकडे एक मागायला आलोय. नाही म्हणायची मुभा आहे." आणि मग बसून, पाणीसुद्धा न घेता, त्यांनी मागितलं. लढाईत मारल्या गेलेल्या एका शिपायाची बहीण इथून बसने दोन तासांवर राहते. तिचा भाऊ कसा गेला याबद्दल तिला जे सांगितलं गेलं ते खरं नाही. खरं काय ते काकांना आणि अण्णांनाच ठाऊक होतं, आणि अण्णा असेपर्यंत तोंड उघडायचं नाही असा शब्द काकांनी दिलेला होता. "तो सुटला आता," काका म्हणाले. "पण त्याचं नाव राहिलं, ते तुझ्याकडे आहे. येत्या रविवारी तिकडे जावं म्हणतो. तू नको म्हणालीस तर नाही जाणार, आणि पुन्हा विचारणारही नाही. फक्त लवकर सांग. मी ब्याऐंशीचा आहे, मला फार विचार करायला लावू नकोस."

खरं काय ते त्यांनी तासाभरात सांगितलं. मला ते गेले दोन दिवस ऐकू येत होतं.

अण्णा शेतातले. नांगराच्या रुमण्यापर्यंत हात पोचायला लागला तेव्हापासून नांगरामागे चाललेले. लढाई सुरू झाली तेव्हा एकवीस वर्षांचे होते. घरात दोन भाऊ आणि बैलजोडी एकच, म्हणजे एक माणूस तसाही जास्तच, असं ते स्वतः सांगायचे. भरतीचं याहून मोठं कारण मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नाही. सैन्यात त्यांना तारेच्या कामाला घातलं. पाठीवर तारेचं रीळ बांधायचं आणि मागच्या ठाण्यापासून पुढच्या चौकीपर्यंत टेलिफोनची तार सोडत जायचं. शिकवताना सगळ्यांना दूरचं एक झाड दाखवून त्या दिशेने तार टाकायला सांगितली, तेव्हा बाकीच्यांच्या तारा वळवळत गेल्या आणि अण्णांची नांगराच्या तासासारखी सरळ, तीही एकदाही मागे वळून न बघता. हवालदारांनी विचारलं, हे कुठे शिकलास? तर म्हणाले, "बैल मागे बघू देत नाहीत." तेव्हापासून तुकडीत त्यांचं नाव ओळंबा पडलं, गवंडी भिंत सरळ आहे की नाही ते ज्याने बघतो तो. काका अजूनही त्यांना ओळंबाच म्हणतात. रविवारी, अण्णांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून, म्हणत होते.

"पुढची चौकी म्हणजे कालव्याच्या कडेचं एक पंपघर. सहा जण आत. त्यातला एक टेलिफोन सांभाळणारा. ओळंब्याहून वर्षाने लहान असेल. पहाटे गोळे पडले, तार तुटली. सातला वरून हुकूम: चौकी रिकामी करा, आठला आपल्याच तोफा कालव्यावर सुरू होतील. आठ म्हणजे आठ. मी ओळंब्याच्या पाठीवर रीळ चढवलं. मध्ये गव्हाचं एक शेत, आठशे पावलांचं. रीळ हजार पावलांचं. म्हटलं, सरळ जा, तार जोड आणि बोल. पंधरा मिनिटांचं काम. आणि मी काय केलं? ओळंबा गेलाय म्हणजे पोचलाच, असं धरून साडेसातला मागे कळवून टाकलं. चौकी रिकामी होतेय म्हणून."

"आणि अण्णा?"

"तो बांधावरून गेला."

मला पटकन समजलं नाही. "म्हणजे लपत लपत?"

"लपायला बांधावर काय आहे? उलट उघडा पडला. गहू कमरेएवढा होता, त्यातून वाकून गेला असता तर कुणाला दिसला नसता. तो शेताच्या कडेकडेने गेला. पुरा वळसा. तार झुडपांत अडकायला लागली, ती सोडवत गेला. आणि पंपघर दिसायला लागलं तिथे रीळ संपलं. संपणारच. मग हा गडी तार ओढून, ताणून बघत बसला. पुरतेय का, पुरतेय का. दहा मिनिटं गेली असतील."

"तसंच पळत जाऊन सांगायचं ना!"

"गेला ना. शेवटी रीळ टाकलं आणि पळाला. पण घाबरलेला माणूस आधी हुकमाला चिकटतो, बाई. हुकूम तार जोडायचा होता." काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "पोचला तेव्हा आठाला पाच कमी होते. पाच जण उठून पळाले. टेलिफोनवाला म्हणाला, दोनच पेच आहेत, सोडवतो आणि आलोच. यंत्र टाकून यायचं नाही असा नियम होता आमच्यात. ओळंबा म्हणतोय, राहू दे ते. तो म्हणतोय, दोनच तर आहेत, तू हो पुढे. हा पुढे झाला. तोफा वेळेवर सुरू झाल्या. आमच्या तोफा कधी उशीर करत नसत."

मग त्यांनी जे सांगितलं ते खाली बघून सांगितलं. हुकूम पोचल्याची वेळ त्यांनी कागदावर सात पस्तीस लिहिली. वीस मिनिटं अलीकडे ओढली. बाकीचे पाच जण घड्याळ बघत बसले नव्हते, आणि जीव वाचलेली माणसं तक्रारी करत नाहीत. पण सात पस्तीसला हुकूम मिळाला आणि आठला एक माणूस अजून आतच होता, याचा अर्थ वाचणाऱ्याने एकच काढला. उठा म्हटल्यावरही तो उठला नाही. भेदरला. त्याच्या घरी जे पत्र गेलं त्यात असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण वेळ लिहिली होती, आणि गावात वाचता येणारे लोक होते. "पाय गळाले म्हणे पोराचे, असं म्हणायचे," काका म्हणाले. "बहीण चौदाची होती. ती मला दर दोनचार वर्षांनी पत्र टाकते. एकच विचारते, माझा भाऊ बसून का राहिला? मी लिहितो, आठवत नाही. ओळंब्याला वाचवलं असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. मीही वाचलोच की त्यात."

"तुम्ही विचारलं नाहीत त्यांना? का गेले बांधावरून?"

"त्याच दुपारी विचारलं. तोवर आमच्या गाड्या त्या शेतातून गेल्या होत्या, एक काडी उभी राहिली नव्हती. हा कडेला उभा राहून ते बघत होता. म्हटलं, का रे असं केलंस? म्हणाला, 'उभं पीक होतं.' मी हात उचलला होता, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं, हा मला कारण देतच नाहीये. ह्याला वाटतंय मी विचारतोय, तिथे काय होतं."

मी काकांना तेव्हा जे म्हणाले ते चांगलं नव्हतं. मी म्हणाले, "छप्पन्न वर्षं थांबलात, तर आता कशाला? त्या बाईंना बरं वाटावं म्हणून की तुम्हाला?" ते म्हणाले, "दोघांना," आणि पाणी पिऊन गेले.

मला राग आला होता तो याचा की अण्णा जेमतेम माझ्या हाताला लागत होते. माणूस जिवंत असतो तोवर त्याच्या सवयी आपल्या अंगावर येत असतात, तो नीट दिसत नाही. या एकोणीस दिवसांत ते थोडे मागे सरकले होते आणि दिसायला लागले होते: पंचाहत्तरीनंतरही स्वतःचे कपडे स्वतः धुणारे, भाकरीचा तुकडा हातात असताना कधीही न बोलणारे, कुणाच्या वाटेत न आलेले एक गृहस्थ. एवढे मला पुरले असते. त्यांच्यावर आता कुणीतरी एक मेलेला तरुण आणून ठेवत होतं. आणि मंगळवारी सकाळी माझा पाय हवेत राहिला तेव्हा मला कळलं की तो तरुण बाहेरून आणलेला नाही, तो घरातच होता. मला लहानपणी बोट धरून अण्णा चालवायचे ते नेहमी कडेने. मैदान आलं की मैदानाच्या कडेने, बागेत फुलांच्या वाफ्यांना अख्खी प्रदक्षिणा. मी मध्ये शिरले की बोट हलकेच ओढलं जायचं. "पाय कुठे पडतो बघ," एवढंच म्हणायचे. आई वैतागायची. "ह्यांच्याबरोबर शेजारी जायचं म्हणजे डबा बांधून घ्यावा." मी समजत होते हा त्यांचा भिडस्त स्वभाव. मी तोच उचलला, आणि नोकरीत, लग्नात, बोलण्यात, सगळीकडे कडेकडेने चालत राहिले. आता त्या सवयीच्या मुळाशी एक शेत होतं. एकवीस वर्षांच्या अण्णांनी विचार करून वळसा घातला असता तर त्यांना दोष तरी देता आला असता. पण मी स्वतः पाहिलं होतं, तिथे विचार नसतोच. पाय उचललेला असतो आणि तो टेकत नाही.

आणि तरीही हेच अण्णा धावायचे. हे दोन अण्णा मला कधी जुळवता आले नव्हते.

सैन्यातून सुटल्यावर ते टेलिफोन खात्यात लागले. जमिनीखालच्या जाड केबलींमधल्या शेकडो बारीक तारा रंग बघून एकमेकींना जोडायच्या, हे त्यांचं काम. रस्त्यात खणलेल्या खड्ड्यात, वर छोटा तंबू लावून, दिवसदिवस बसलेले असत. त्या नोकरीमुळे आमच्या चार मजली इमारतीत पहिला टेलिफोन आमच्याकडे आला, आणि पंधरा वर्षं तो जवळजवळ एकटाच होता. सगळ्यांनी आपापल्या नातेवाइकांना आमचा नंबर देऊन ठेवलेला. घंटा वाजली की अण्णा पहिल्या घंटेला उचलायचे. दुसरी वाजलेली मी ऐकलेली नाही. आणि मग ते धावायचे. चालत नव्हे, जिन्याच्या दोनदोन पायऱ्या घेत, बनियनवर, एकदा तोंडाला साबण लावलेला तसेच. चौथ्या मजल्यावरच्या शिंप्याच्या सासूने नुसतं "पोचले बरं का" एवढं कळवायला फोन केला तरी तसेच. लोक हसायचे. त्यांना पाठीमागे "तारवाले" म्हणायचे आणि तोंडावर "अहो, जरा दमानं, कुणी मेलं नाहीये," असं म्हणायचे. अण्णा दारात धापा टाकत उभे राहून निरोप शब्दाला शब्द सांगायचे, आणि ऐकणाऱ्याने "बरं" म्हणेपर्यंत हलायचे नाहीत. शिंपी एकदा म्हणाला, "तुमच्यासारखा माणूस असल्यावर टेलिफोनची गरज काय? सासूबाईंनी तिथून हाक मारली असती तरी तुम्ही इथवर आणली असती." सगळी इमारत आठवडाभर हसत होती. शाळेत जाणाऱ्या मुलीला आपल्या बापाचं हे धावणं कसं वाटतं ते मी सांगत नाही. मी अभ्यासाचं पुस्तक तोंडासमोर धरत असे.

एक दुपार आहे. मी सत्तावीस वर्षांची होते. नवऱ्याच्या घरून एक सुटकेस घेऊन आले होते आणि परत जायचं नाही हे ठरवून आले होते. आई बाजारात गेली होती. अण्णा दारातल्या सुटकेसकडे बघत राहिले, मग मला समोर बसवलं आणि, आयुष्यात पहिल्यांदा, विचारलं, "काय झालं? मला सांग." मी वाक्याची जुळवाजुळव करत होते. सोपं नव्हतं ते, लाजेचं होतं. पहिले दोन शब्द बोललेही. आणि घंटा वाजली. ते उठले, फोन घेतला, "थांबा, बोलावतो," म्हणाले आणि धावले. खाली कुणाच्या तरी भाच्याची बदली झाली होती. ते वर आले तेव्हा धाप लागली होती, आणि बसून म्हणाले, "हं, सांग." मी म्हणाले, "काही नाही." त्यानंतर बावीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. माझं काय झालं ते त्यांना आईने सांगितलं असणार. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, आणि ती गोष्ट मी त्यांच्या नावावर लिहून ठेवली होती: जगाचे निरोप पोचवणारा माणूस, घरचं ऐकायला याला वेळ नाही. आता, बुधवारी, कपाटातले त्यांचे सदरे घड्या घालून एका पेटीत ठेवताना, मला तो जिन्यावरून धावणारा माणूस पहिल्यांदा समोरून दिसला. माझ्याकडे पाठ करून तो गेला होता एवढंच आजवर मी बघत आले होते. तो कुणाकडे निघाला होता ते बघितलं नव्हतं. त्यामुळे माझी दुपार भरून निघाली नाही. ती तशीच आहे. पण तिच्यात मी एकटीच बसलेली नव्हते, हे कळलं.

आणि तरी मी नकोच म्हणणार होते. मी फोनवर बोलायची वाक्यंसुद्धा तयार केली होती. काका, त्या बाई सत्तरीच्या, त्यांना आता उकरून काय मिळणार. काका, अण्णांना स्वतःची बाजू मांडता येत नाही. दुसऱ्या वाक्यावर मी अडकायची. छप्पन्न वर्षं ज्याला स्वतःची बाजू मांडता आली नाही तो वेगळाच होता.

गुरुवारी बाइंडर शिवायची पुस्तकं न्यायला माझ्या खोलीत आला. माझं काम पुस्तकांच्या नोंदी करण्याचं, पण प्रकाशकांकडून मागाहून आलेली शुद्धिपत्रं पुस्तकांत चिकटवायला देणं हेही माझ्याकडेच आहे. एका जाड इतिहासाचं तसं एक चिठोरं आलं होतं: अमुक पानावर अमुकऐवजी तमुक वाचावे. मी ते पुस्तकाच्या शेवटच्या पानात ठेवून त्याच्याकडे सरकवलं.

"इथे लावू?" त्याने विचारलं.

"शेवटीच लावतात ना?"

"लावतात. आणि कोण वाचतं? चूक वाचून झालेली असते, पुस्तक परत गेलेलं असतं." त्याने पानं उलटून चुकीचं पान काढलं, अंगठ्याने दाबून धरलं. "मी आपला चुकीच्या पानालाच डकवतो. दिसायला वाईट दिसतं. साहेब ओरडतात. पण ज्याला बघायचं त्याला तिथल्या तिथे मिळतं."

"डकवा," मी म्हटलं. तो गेल्यावर मी काकांना फोन केला. तयार केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हणाले, "रविवारी मीही येते."

पलीकडे काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग, "कितीची बस धरायची?"

बसमध्ये काका खिडकीशी बसले. अंगात इस्त्रीचा सदरा होता, दाढी दोनदा केल्यासारखी गुळगुळीत. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "काय म्हणायचं ते पाठ केलंय मी. तू फक्त बस बाजूला." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझा बाप एकदा आला होता इथवर. बावीसेक वर्षं झाली. थांब्यावर उतरला, परतीच्या बसमध्ये बसला. मला नंतर सांगितलं. म्हणाला, घर सापडलं नाही." मी मांडीवरची पिशवी सरळ केली. काकाच पुढे म्हणाले, "घर थांब्यासमोरच आहे."

थांब्यासमोरच होतं. दोन खोल्या, दारात धुतलेल्या बाटल्या उलट्या करून ठेवलेल्या. त्या बाई उंच होत्या, केस पूर्ण पांढरे, हाताला पीठ. काकांना त्यांनी पाहिलेलं नव्हतं, फक्त अक्षर माहीत होतं; नाव सांगितल्यावर त्यांनी आधी हात पुसले. मग माझ्याकडे बघितलं. काका म्हणाले, "ही आमच्या तुकडीतल्या एकाची मुलगी. तारेवाल्याची." त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि समोरच्या पलंगावर ताठ बसल्या. भिंतीवर फोटो नव्हता. मी तो शोधते आहे हे त्यांना कळलं. "उतरवला वडिलांनी," त्या म्हणाल्या. "येणारे-जाणारे बघून काहीबाही बोलायचे. ट्रंकेत आहे."

काकांनी घसा खाकरला. "बाई, तो दिवस," म्हणाले. मग पुन्हा, "तो दिवस असा की," आणि थांबले. पाठ केलेलं सगळं गेलं होतं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी सांगते."

मी सांगितलं. कुणाची बाजू न घेता सांगायचं ठरवलं होतं, तसं सांगितलं. शेत आठशे पावलांचं, रीळ हजार पावलांचं. सरळ जायचा हुकूम होता. माझे वडील बांधावरून गेले. तार पुरली नाही. हुकूम सात पस्तीसला नाही, सात पंचावन्नला पोचला. कागदावरची वेळ खोटी आहे, ती लिहिणारे हे समोर बसले आहेत, आणि ज्यांच्यासाठी लिहिली ते माझे वडील होते. ते गेल्या महिन्यात वारले. तुमच्या भावाला पाच मिनिटं मिळाली. त्यांचे पाय गळाले नव्हते. ते यंत्राचे पेच सोडवत होते. नियम होता तसा.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग काकांकडे वळल्या. "उठला होता?"

"उठलेला होता," काका म्हणाले. "उभ्यानेच सोडवत होता. ओळंब्याला म्हणाला, तू हो पुढे."

"असं म्हणाला?"

"असंच. दोनच पेच आहेत, तू हो पुढे."

"तसाच बोलायचा," त्या म्हणाल्या. "घरातही. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." त्यांनी पदराने पलंगाची कड पुसली, जिथे काहीच नव्हतं. आत कुठेतरी नळाचं पाणी बादलीत पडत होतं. बादली भरली आणि पाणी वाहायला लागलं, तरी त्या उठल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "बांधावरून का?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. बसमध्ये मी त्याच्यासाठी पुष्कळ काही जमवलं होतं, नांगर, बैल, लहानपण. त्यातलं काही न काढता मी म्हटलं, "उभं पीक होतं. गहू."

"कापणीला आलेला?"

मी काकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "ओंब्या भरल्या होत्या."

शेतात वाढलेल्या बाईला हे कळेल असं मला वाटलं होतं. कळलेलं त्यांच्या तोंडावर दिसतही होतं. आता त्या म्हणतील, जाऊ दे. म्हणतील, माझ्या भावानेही तेच केलं असतं. मी ते ऐकायलाच आले होते की काय, असं त्या क्षणी मला वाटलं आणि माझे कान तापले.

"तुडवायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता. पिठाचा डबा उघडा राहिला, झाकायला हवा होता, असं कुणी म्हणावं तसं म्हणाल्या. काकांनी तोंड उघडलं, माझ्यासाठी काहीतरी बोलणार होते. मी त्यांना थांबवलं.

"हो," मी म्हणाले. "तुडवायला हवं होतं."

अण्णांच्या विरुद्ध मी मोठ्याने काढलेला तो पहिला शब्द. मला वाटलं होतं तो निघाल्यावर काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. उलट तो एकवीस वर्षांचा, पाठीवर रीळ घेतलेला, बांधावरून घाईघाईने निघालेला मुलगा मला इतका स्वच्छ दिसला की हात पुढे केला असता तर लागला असता.

"तुमचे वडील स्वतः का आले नाहीत?" त्या बाईंनी विचारलं.

"आले होते एकदा. थांब्यापर्यंत."

"मग?"

"घर सापडलं नाही म्हणाले."

त्यांनी उघड्या दारातून समोरच्या थांब्याकडे बघितलं. "आले असते तर त्यांनाही हेच म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "तोंडावर म्हणाले असते. मग जेवायला वाढलं असतं." त्या उठल्या, आत जाऊन नळ बंद केला, आणि तिथूनच विचारलं, "किती वर्षांचे होते तेव्हा?"

"एकवीस."

"हा वीसचा होता." भांड्यांचा आवाज आला. "पोरंच की."

काका अर्धवट उठून म्हणाले, "आम्ही निघतो बाई, तुम्ही काही करू नका, दीडची बस आहे."

"बस जाईल," त्या आतून म्हणाल्या. "दुसरी येईल. हात धुऊन घ्या दोघं."